मागचं घर : अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका जुन्या इमारतीची वास्तुकथा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांनी मला जुनी इमारत मोजायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना एका वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर उभं केलं. आम्ही वह्या उघडल्या, पेन्सिली काढल्या. सरांनी मात्र आम्हाला बोळातून वळसा घालून परसदारी नेलं आणि टेप तिथे सोडायला लावली. मोजणी मागून सुरू करायची, हा त्यांचा नियम होता. दर्शनी भिंत मालकाच्या मनासारखी असते. घर कधी वाढलं, कुठे पैसा संपला, कुठे भाऊ वेगळे झाले, गोठ्यात गाय जाऊन भाडेकरू कधी आला, हे सगळं मागच्या बाजूला वाचता येतं. आमच्या नकाशांत मागचा भाग कच्चा राहिला तर सर वही परत करत, आणि त्यावर वाद चालत नसे.

त्यांच्या या नियमाचा पूर्ण अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला, आणि तोही घरापासून फार दूर. आज ज्या इमारतीबद्दल बोलणार आहे ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये आहे. पत्ता आहे प्रिन्सेनग्राख्त २६३. आपल्यापैकी बहुतेकांना ही इमारत एका मुलीच्या डायरीमुळे ठाऊक असेल. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीतही घरोघरी वाचली गेली. पण डायरी वाचताना आपण त्या मुलीकडे बघतो, आणि ते साहजिकच आहे. आज मी तुम्हाला त्या मुलीच्या भोवतीच्या भिंती दाखवणार आहे. त्या भिंती आल्या कुठून, तिथे एक लपलेलं घर मुळात होतंच का, आणि ते आज उभं का आहे, हे तीन प्रश्न घेऊन मी आले आहे.

पाण्याकाठची अरुंद घरं

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅम हे युरोपातलं अत्यंत श्रीमंत बंदर होत चाललं होतं. माणसं वाढली, माल वाढला, जागा पुरेना. १६१३मध्ये शहराने मोठा विस्तार हाती घेतला. जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळाकार कालवे खणायला सुरुवात झाली: हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त आणि सर्वांत बाहेरचा प्रिन्सेनग्राख्त. ‘ग्राख्त’ म्हणजे कालवा. पहिल्या दोन कालव्यांवर धनाढ्यांची घरं आली. प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडे योर्डान ही कारागिरांची आणि कष्टकऱ्यांची वस्ती होती. त्यामुळे या बाहेरच्या कालव्यावर राहती घरं आणि गोदामं शेजारीशेजारी उभी राहिली. कालव्यांचा हा सगळा परिसर २०१०पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिथली जमीन म्हणजे चिखल आणि दलदल. बांधकाम पेलणारी वाळू खाली खोलवर. म्हणून लाकडी खांब ठोकत ठोकत वाळूपर्यंत न्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर उभं करायचं, अशी पद्धत पडली. धरण-चौकातल्या नगरभवनाखाली, म्हणजे आजच्या राजवाड्याखाली, असे १३,६५९ खांब आहेत. तिथल्या शाळकरी मुलांनाही हा आकडा पाठ असतो. खांब पाण्याखाली बुडालेले असतात तोवर टिकतात. पाण्याची पातळी उतरून त्यांना हवा लागली की कुजतात. म्हणजे ज्या पाण्यापासून सुटका म्हणून हा सगळा खटाटोप, तेच पाणी घर तोलून धरतं.

माल येणार होडीने, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला पाण्याला लागून जागा हवी. पाण्याकाठची लांबी मोजकी आणि मागणारे हजारो. त्यातून भूखंड पडले ते तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. आपल्याकडच्या जुन्या पेठांत रस्त्याला दोन-तीन खण दाखवणारं आणि आत बोगद्यासारखं शिरत जाणारं घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. घर अरुंद म्हणून जिना अरुंद, आणि जिना अरुंद म्हणून उभा. इतका उभा की त्यावरून पेटारा नेणं अशक्य. मग छपराखालच्या कपाळपट्टीतून एक तुळई बाहेर काढायची, तिला आकडा आणि कप्पी लावायची आणि सामान दोराने बाहेरून वर ओढायचं. आजही तिथे घर बदलताना कपाटं आणि पियानो खिडकीतून आत जातात.

दोन घरं, एक चौक

आता अरुंद आणि लांब घराची जी अडचण सगळीकडे असते, ती इथेही आली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून. घर जितकं लांबवाल तितका त्याचा मधला भाग अंधारात जाणार. आपल्या पूर्वजांनी याचं उत्तर चौकातून शोधलं. डच गवंड्यांनीही जवळपास तेच केलं. त्यांनी एका घराची दोन घरं केली. रस्त्याकडचं ‘फोरहाउस’ म्हणजे पुढचं घर, आणि त्याच भूखंडावर मागे ‘आख्टरहाउस’ म्हणजे मागचं घर. दोघांच्या मध्ये आभाळाला उघडा असलेला लहानसा चौक, आणि दोघांना जोडणारी एक चिंचोळी वाट. चौकामुळे पुढच्या घराला मागून उजेड मिळाला आणि मागच्या घराला पुढून.

हा प्रकार अ‍ॅमस्टरडॅममध्ये शेकड्यांनी सापडतो. त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. पुढे कचेरी, दुकान, पाहुण्यांची बैठक. मागे स्वयंपाक, साठवण किंवा भाडेकरू. आपल्या बंगल्यांच्या आवारात ‘आउटहाउस’ असतं ना, मालकाच्या घराला टेकलेलं, पण मोजदादीत नसलेलं, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपलं आउटहाउस फाटकातून दिसतं. अ‍ॅमस्टरडॅमचं मागचं घर रस्त्यावरून अजिबात दिसत नाही. घरं एकमेकांना खेटून ओळीने उभी असतात आणि सगळ्या बाजूंच्या ओळींनी मिळून आतली मोकळी जागा वेढून टाकलेली असते. त्या वेढ्याच्या पोटात मागची घरं, परसबागा आणि काही झाडं.

प्रिन्सेनग्राख्त २६३ ही इमारत १६३५मध्ये डिर्क व्हान डेल्फ्ट याने बांधली. शेजारची २६५ क्रमांकाचीही त्याचीच. कालव्यावर थोडं पुढे वेस्टरकेर्क हे चर्च. हेन्ड्रिक द कायझर या नामवंत वास्तुकाराच्या आराखड्याचं ते काम १६३१मध्ये पूर्ण झालं होतं. उंच मनोरा मात्र १६३८मध्ये झाला. म्हणजे हे घर उभं राहिलं तेव्हा शेजारी मनोऱ्याचं काम चालू होतं. त्या मनोऱ्याचे टोल पुढे तीनशे वर्षांनी या घरातल्या माणसांना किती लागणार होते, हे कोण सांगणार होतं!

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना घडली ती १७४०च्या सुमारास. कालव्याकडची दर्शनी भिंत तेव्हाच्या पद्धतीने नव्याने बांधली गेली, आणि त्याच फेरबदलात जुनं मागचं घर पाडून त्याच्या जागी नवं, अधिक मोठं मागचं घर उभं राहिलं. ज्या खोल्या आज जगभरची माणसं पाहायला येतात, त्या या अठराव्या शतकातल्या बांधकामातल्या. वेगवेगळ्या काळांत उभी राहिलेली दोन घरं जोडली की मजल्यांच्या पातळ्या क्वचितच जुळतात. इथेही पहिल्या मजल्यावर पुढच्या घरातून मागच्या घरात जाताना बोळाच्या टोकाला चार पायऱ्या चढाव्या लागत. पायाखालच्या या चार पायऱ्या म्हणजे इतिहासाची नोंदच आहे. हातात कागद नसला तरी पायाला कळतं की आपण एका घरातून दुसऱ्या घरात आलो.

घोडे, चुली आणि पियानो

मूळचं राहतं घर पुढे गोदाम झालं. एकोणिसाव्या शतकात तळमजल्याच्या रुंद दारांतून घोडे आत जात; पुढच्या भागात तबेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घरगुती उपकरणं बनवणारा कारखानदार आला. १९३०मध्ये पियानोच्या कागदी गुंडाळ्या तयार करणारा व्यवसाय आला. छिद्रं पाडलेली ती गुंडाळी यांत्रिक पियानोत बसवली की पियानो आपोआप वाजतो. रेडिओ आणि ग्रामोफोनपुढे तो धंदा टिकला नाही, आणि १९३९पर्यंत इमारत रिकामी झाली.

१ डिसेंबर १९४० रोजी तिथे नवा भाडेकरू आला, ऑटो फ्रँक. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा हा ज्यू गृहस्थ हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आला होता, आणि कुटुंब त्याच्या मागून आलं. त्याचे दोन व्यवसाय होते. ‘ओपेक्टा’ ही जॅम घट्ट करण्यासाठी लागणारं पेक्टिन विकणारी कंपनी, आणि ‘पेक्टाकॉन’ ही मांसपदार्थांच्या मसाल्यांची. त्यांना तळमजल्यावर दळण-साठवणीला प्रशस्त गोदाम हवं होतं, वर कचेरी हवी होती आणि मागे किरकोळ कामांना थोडी जागा हवी होती. व्यवसायासाठी ही इमारत सोयीची होती. हॉलंडवर जर्मन सैन्याने कब्जा करून तेव्हा सहा-सात महिने झाले होते.

आता या इमारतीची उभी फोड डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर गोदाम, पुढच्या घरापासून थेट मागच्या घरापर्यंत. पहिल्या मजल्यावर पुढे कचेरी, मध्ये एक अंधारी खोली, मग बोळ, चार पायऱ्या, आणि मागच्या घरात मालकाची खासगी कचेरी व स्वयंपाकघर. दुसऱ्या मजल्यावर पुढच्या घरात साठवणीच्या खोल्या, आणि जिन्याच्या मधल्या सपाटीवर उजव्या हाताला एक करडं, साधं दार. त्या दारामागे मागच्या घराचे वरचे मजले. आत शिरताच समोर उभा जिना. डावीकडे एक खोली, तिला लागून दुसरी अगदी अरुंद खोली, आणि बाजूला बिनखिडकीची न्हाणी व शौचकूप. जिना चढून गेलं की एक मोठी, उजेडाची खोली. तिथे चूल आणि मोरी होती, कारण कंपनीची प्रयोगशाळा तिथे होती. बाजूला एक चिमुकली खोली, आणि तिच्यातून माळ्याकडे जाणारी शिडी.

हे वर्णन इतकं नेमकं मला कुठून मिळालं? ऑटोच्या तेरा वर्षांच्या मुलीकडून, अ‍ॅनकडून. कुटुंबासह या मागच्या घरात लपल्यानंतर तीनच दिवसांनी, ९ जुलै १९४२च्या नोंदीत, अ‍ॅनने सगळी इमारत मजल्यामागून मजला लिहून काढली आहे. कुठलं दार कुठे उघडतं, कुठला जिना कुठे पोचतो, कुठे पायऱ्या किती. वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ती नोंद वाचायला देते, आणि त्यावरून नकाशा काढायला सांगते. नकाशा येतो.

कपाट

नाझींपासून लपण्यासाठी ६ जुलै १९४२ रोजी ऑटो, त्याची पत्नी एडिथ आणि मुली मार्गॉट व अ‍ॅन या मागच्या घरात आले. आठवडाभरात हर्मन व ऑगुस्ट व्हान पेल्स आणि त्यांचा मुलगा पीटर आले. नोव्हेंबरमध्ये दंतवैद्य फ्रिट्झ फेफर आले. डायरीच्या वाचकांना ही मंडळी व्हान डान आणि डुसेल या नावांनी ठाऊक आहेत. आठ माणसं, थोड्याच खोल्या, आणि दोन वर्षं एक महिना.

लपण्यासाठी ती जागा निवडली गेली ती तिच्या सामान्यपणामुळे, असं मला वाटतं. तिथे भुयार नव्हतं, चोरकप्पा नव्हता. शहरातल्या इतर शेकडो घरांना होतं तसंच एक मागचं घर होतं. उजेडासाठी शोधलेली युक्ती दडण्यासाठी उपयोगी पडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला दर्शनी भिंत दिसे आणि इमारत तेवढीच आहे असं वाटे. कचेरीत येणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या घराचा शेवट म्हणजे इमारतीचा शेवट वाटे. चौकाकडच्या ज्या खिडक्यांतून मागचं घर नजरेला पडलं असतं, त्यांच्या काचा आरपार न दिसतील अशा करून टाकल्या.

तरी ते करडं दार होतंच. त्या काळात लपवलेल्या सायकलींसाठी घरांची झडती घेतली जात होती. मग कचेरीतल्या बेप फोस्कॉइल हिचे वडील योहान, जे गोदामाचं काम बघत, त्यांनी ऑगस्ट १९४२मध्ये एक पुस्तकांचं कपाट तयार केलं. त्यावर कचेरीच्या फायली मांडल्या. कपाट बिजागरीवर दारासारखं उघडत असे. दाराची वरची चौकट दिसू नये म्हणून वर एक नकाशा टांगला. आत जाताना डोकं वाकवावं लागे आणि पाय उंच टाकावा लागे. सुरुवातीला मंडळींची कपाळं चौकटीला लागून टेंगळं येत.

मी हे कपाट पाहिलं आहे. अगदी साधं सुतारकाम. कारागिरी दाखवायची इच्छा त्यात कुठेच नाही, आणि तेच त्या कामाचं यश आहे. कुणाची नजर त्यावर ठरू नये यासाठी ते केलं होतं.

या इमारतीत राहायचं म्हणजे तिच्या आवाजांसह राहायचं. खाली गोदामात योहानखेरीज इतर कामगारही असत, आणि त्यांना वरचं काही ठाऊक नव्हतं. दिवसा जोडे घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, शौचकूपात पाणी ओतायचं नाही, कारण सांडपाण्याचा नळ भिंतीतून गोदामातच उतरत होता. लाकडी जमिनीची एकेक फळी कुठे कुरकुरते हे आठही जणांना पाठ झालं असणार. कामगार घरी गेले की इमारत मोठी होई. रात्री मंडळी खाली खासगी कचेरीत रेडिओ ऐकायला येत, कचेरीच्या स्वयंपाकघरात गरम पाणी मिळे. शनिवारी दुपारी अ‍ॅन आणि मार्गॉट पुढच्या कचेरीत पडदे ओढून आंघोळ करत, आणि एकीची आंघोळ चालू असताना दुसरी पडद्याच्या फटीतून रस्ता बघे. मागच्या घरात राहणाऱ्याला पुढचं घर म्हणजे परदेश झालं होतं.

माळ्यावरून मात्र आभाळ दिसे, वेस्टरकेर्कचा मनोरा दिसे आणि मागच्या अंगणातलं चेस्टनटचं मोठं झाड दिसे. चार ओळींनी वेढलेल्या त्या पोटातल्या जागेतलं ते झाड हाच तिचा ऋतूंशी संबंध होता. २३ ऑगस्ट २०१० रोजी वादळात ते झाड कोसळलं.

किल्ली घरी राहिली

आता तुम्हाला एक प्रसंग सांगते. डायरीतला हा प्रसंग वाचकांच्या सहसा लक्षात राहत नाही, पण माझ्या व्यवसायाच्या माणसाला तो विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९४३मध्ये इमारतीच्या मालकाने भाडेकरूंना न कळवता इमारत विकून टाकली. एका सकाळी नवा मालक पाहणीला आला आणि बरोबर वास्तुरचनाकाराला घेऊन आला. सुदैवाने कचेरीत योहानेस क्लाइमन होते. मदत करणाऱ्यांपैकी ते एक. मीप गीस, बेप फोस्कॉइल, व्हिक्टर कुगलर आणि मीपचे पती यान हे इतर. क्लाइमन यांनी पाहुण्यांना सगळी इमारत फिरवून दाखवली. मागच्या घराची वेळ आली तेव्हा म्हणाले की तिथली किल्ली घरी राहिली. नव्या मालकाने पुढे काही विचारलं नाही.

त्या वास्तुरचनाकाराचा मी पुष्कळदा विचार करते. दोन मजले पाहिल्यावर त्याला कळायला हवं होतं की खाली मागच्या घरात खासगी कचेरी आहे, तर तिच्यावर काहीतरी असणारच. खालच्या लांबीत आणि वरच्या लांबीत फरक पडतो आहे, एवढं आमच्या सरांचा कुठलाही विद्यार्थी पावलांनी मोजून सांगू शकला असता. कदाचित त्याच्या ध्यानात आलं नसेल. कदाचित मागचा भाग पाहणं त्याला महत्त्वाचं वाटलं नसेल. कदाचित ध्यानात आलंही असेल आणि तो गप्प बसला असेल. यातलं काय घडलं ते त्याच्याबरोबर गेलं. आठ माणसं त्या दिवशी वाचली ती घरी राहिलेल्या किल्लीच्या सबबीवर.

इथेच मला सरांच्या नियमाची दुसरी बाजू कळली. मागची बाजू न पाहणं ही आपल्या सर्वांच्या नजरेची सवय आहे. खरेदीदार दर्शनी भाग बघतो, सरकारी नोंद रस्त्यावरून होते, पाहुणा बैठकीतून परततो. या सवयीच्या आडोशाला आठ माणसं जगली. एरवी जो आमच्या विद्येचा दोष, तोच त्यांच्यासाठी निवारा झाला होता.

पण या निवाऱ्याला फार मोठं करून सांगणं चुकीचं होईल. भिंतींनी त्यांना लपवलं, वाचवलं नाही. ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले, कपाट बाजूला झालं आणि आठही जणांना नेलं. छळछावण्यांतून परतले फक्त ऑटो फ्रँक. आणि भिंतींनी लपवलं हेही अर्धंच खरं. भाजी, भाकरी, पुस्तकं, बातम्या कपाटापलीकडे रोज नेणारी माणसं होती म्हणून त्या भिंतींना अर्थ होता. ती नसती तर हे मागचं घर आठवड्याभरात थडगं झालं असतं. वास्तुरचनेच्या इतिहासात माणसांची ही नावं येत नाहीत. ती यावीत असं मला मनापासून वाटतं.

मोकळ्या खोल्या

अटकेनंतर मागच्या घरातलं सामानसुमान जप्त करून नेण्यात आलं. त्याआधी मीप आणि बेप यांनी जमिनीवर विखुरलेले डायरीचे कागद गोळा केले होते. मीपने ते मेजाच्या खणात ठेवले आणि युद्धानंतर अ‍ॅनच्या वडिलांच्या हाती दिले. २५ जून १९४७ रोजी ते पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याचं डच नाव ‘हेट आख्टरहाउस’, म्हणजे ‘मागचं घर’. हे नाव अ‍ॅननेच ठरवून ठेवलं होतं. १९४४च्या वसंतात रेडिओवरून एका डच मंत्र्याने लोकांना युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा तिने आपली डायरी पुस्तकासाठी पुन्हा लिहायला घेतली. गवंड्यांच्या आणि घरमालकांच्या रोजच्या बोलण्यातला तो शब्द. त्याला तिने पुस्तकाच्या कपाळावर बसवलं. इंग्रजीत त्याचं ‘गुप्त’ घर झालं. मूळ शब्दात गुप्त असं काही नाही. इतर शेकडो घरांना असतं तसं मागचं घर, एवढंच.

पुस्तक गाजू लागलं, वाचक दारात येऊन उभे राहू लागले, आणि तिकडे इमारत मोडकळीला आली होती. १९५०च्या दशकाच्या मध्यात एका कापड-कंपनीने तो सगळा पट्टा घेऊन जुनी घरं पाडायचं आणि तिथे मोठी नवी इमारत बांधायचं ठरवलं. १९५५मध्ये वर्तमानपत्रांतून त्याविरुद्ध आवाज उठला. मागणी एकच घर वाचवायची होती, पण ओळीतल्या घरांना एकमेकांचा आधार असतो. शेजार पाडला तर हेही ढासळणार, हे लोकांच्या ध्यानात आलं. अखेर त्या कंपनीनेच १९५७मध्ये इमारत दान केली. ३ मे १९५७ रोजी अ‍ॅन फ्रँक न्यास स्थापन झाला, आणि बरोबर तीन वर्षांनी, ३ मे १९६० रोजी, घर लोकांसाठी उघडलं. त्या वर्षी सुमारे ९,००० माणसं आली. पुढे वर्षाला दहा लाखांहून अधिक येऊ लागली.

आता संवर्धनाचा प्रश्न आला, आणि इथे ऑटो फ्रँक यांनी जो निर्णय घेतला त्यापुढे मी दर वेळी थांबते. संग्रहालय करायचं तर खोल्या पुन्हा सजवणं सर्वांत सोपं होतं. खाटा, मेज, दिवे, भांडी मांडता आली असती. लोकांना तेच आवडलं असतं. ऑटो म्हणाले, खोल्या मोकळ्या राहतील. जे नेलं ते नेलं. ज्यांना पूर्वीची मांडणी समजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी छोट्या प्रतिकृती करून ठेवल्या. खोल्या तशाच राहिल्या.

आपल्या वास्तुसंवर्धनात आपण बहुतेकदा भर घालतो. नवा रंग, नवी फरशी, पितळी दिवे, भिंतीवर तलवारी. इथे एका बापाने काहीही न घालण्याचा आग्रह धरला, आणि त्यामुळे तिथली रिकामी जागा हीच त्या घराची सर्वांत जुनी, सर्वांत अस्सल वस्तू ठरली. मोकळ्या खोलीत उभं राहिलं की ती किती लहान आहे ते पहिल्यांदा कळतं. खाट मांडली असती तर आपण खाट पाहिली असती.

याच्या उलट पुढच्या घराचं झालं. संग्रहालयाच्या सोयीसाठी सुरुवातीला त्याच्या आतल्या रचनेत बदल करावे लागले, कारण येणाऱ्यांना जागा हवी होती, प्रदर्शनं हवी होती. पुढे शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि १९९९मध्ये ती गर्दी तिकडे गेली. मगच पुढचं घर पुन्हा युद्धकाळातल्या कचेरीसारखं करता आलं. म्हणजे एका इमारतीला वाचवायला दुसरी इमारत लागली. जुन्या वाड्यात तिकीटखिडकी, उपाहारगृह आणि कचेरी सगळं कोंबायला निघालेल्या आपल्या नगरपालिकांनी एवढं एक ध्यानात घ्यावं.

परसदारची टेप

आता शेवटाकडे येते. आपल्या गावोगावच्या वारसा-याद्या मी वाचते. दर्शनी भाग, कोरीव खांब, दिंडी दरवाजा यांची नोंद असते. मागचा गोठा, पडवी, बाळंतिणीची खोली, मोलकरणीची खोली, आश्रितांचा सोपा, भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ यांची नोंद नसते. ‘नंतरची भर’ असं दोन शब्दांत लिहिलं जातं, आणि दुरुस्तीच्या वेळी ते आधी पाडलं जातं. प्रिन्सेनग्राख्तचं मागचं घरही ‘नंतरची भर’च होतं. १६३५च्या घराला १७४०मध्ये घातलेली. मूळ रचनेच्या शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्या कुणी ते पाडून टाकलं असतं, तर त्याला व्यवसायाच्या नियमांनी दोष देता आला नसता.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या गावातलं कुठलंही जुनं घर पाहायला जाल तेव्हा मागे जा. तिथे कोण राहत होतं ते विचारा. घरातली सर्वांत म्हातारी बाई असेल तर तिला विचारा. टेप असेल तर मोजा, नसेल तर पावलांनी मोजा आणि लिहून ठेवा.

आणि मोजण्याचीच एक गोष्ट सांगून थांबते. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या मागच्या घरात, फ्रँक कुटुंबाच्या खोलीतल्या भिंतीवर, जुन्या कागदावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. आता त्या काचेमागे जपल्या आहेत. जवळच नॉर्मंडीचा नकाशा आहे. दोस्त सैन्य किती पुढे सरकलं ते ऑटो त्यावर टाचण्यांनी दाखवत. आणि या रेघा म्हणजे मुलींची उंची. बाहेर पाय टाकता येत नव्हता, पण मुली वाढत होत्या, आणि बाप भिंतीला उभं करून त्यांना मोजत होता. दोन वर्षांत अ‍ॅन १३ सेंटिमीटरहून अधिक वाढली.

सर, मोजणी मागच्या घरातूनच सुरू करायची असते. तिथे जाऊन आले. वही पूर्ण आहे.